खान्देशात जुनी हायब्रिड गाडी घेताय? मीटरच्या आधी ऊन बघा

छोटी, दोन दारांची, रस्त्याला चिकटून पळणारी स्पोर्ट्स कार, आणि वर हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली. जळगाव-भुसावळकडची इंजिनीअरिंगची पोरं जुन्या बाजारात अशी गाडी मिळेल का म्हणून विचारतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा होंडाची सीआर-झेड असते. पसंती वाईट नाही. २०१० साली जपानात आलेल्या या गाडीत दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसवलेली चपटी मोटर आणि सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स होता. हायब्रिडमध्ये मॅन्युअल गिअर ही तेव्हाही दुर्मीळ गोष्ट होती. पुढे तिची निकेलची बॅटरी जाऊन लिथियमची आली, मोटरची ताकद वाढली, आणि २०१७ उजाडता उजाडता उत्पादन थांबलं. भारतात होंडाने ती कधी विकायला आणली नाही.

मग बाहेरून मागवता येईल का? तेही नाही. परदेशातून जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि शेवटच्या सीआर-झेडलाही ती मुदत केव्हाच उलटून गेली. कुणी ‘इंपोर्टेड गाडी आहे, दादा, स्वस्तात सोडतो’ म्हणाला तर त्याच्याकडे कस्टमचे कागद आणि आरसी मागायची. पहिल्या दहा मिनिटांत कागद पुढे आले नाहीत तर चहा पिऊन उठायचं.

तेव्हा आपल्या बाजारात खरोखर जे मिळतं त्यावर बोलू.

मिळतं काय

सगळ्यात जुनी म्हणजे होंडा सिव्हिक हायब्रिड, २००८ ची. मग २०१० पासून आलेली टोयोटा प्रायस, २०१३ पासूनची कॅमरी हायब्रिड. यातली सिव्हिक आणि प्रायस बाहेर बनून आलेल्या, आकड्याने मोजक्या, आणि आता त्यांची पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली आहे किंवा संपलीच आहे. नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं होतं, त्यासाठी फिटनेस लागतो. छंद म्हणून घ्यायची असेल तर घ्या. रोज पारोळ्याहून धुळ्याला जायला घेऊ नका, कारण अशा गाडीचा एखादा सुटा भाग अडला की ती महिनाभर अंगणात उभी राहते.

कॅमरी हायब्रिड ही वेगळी मोहात पाडणारी गाडी. मोठी, गुबगुबीत, आणि जुन्या बाजारात तिचा भाव इतका उतरतो की नव्या हॅचबॅकच्या पैशात येते. पण सुटे भाग कॅमरीच्याच भावाने मिळतात. शिवाय दिल्लीकडून आलेली असेल तर ती का विकली याचा विचार करा. तिथे पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा लावली गेल्यामुळे वय झालेल्या गाड्या बाकीच्या राज्यांत उतरत आल्या.

खरा विचार करण्यासारखा माल २०२२ नंतरचा आहे. त्या वर्षी मे महिन्यात होंडा सिटीची ई-एचईव्ही, म्हणजे हायब्रिड सिटी, आली. सप्टेंबरच्या आसपास मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि तिचीच जुळी बहीण टोयोटा हायरायडर आली. वर्ष संपता संपता इनोव्हा हायक्रॉस आली, पण ती कुटुंबकबिल्याची गाडी. या लेखाच्या बाहेर. छोटी आणि चपळ हवी असेल तर सिटी. मोटरचा जोर शून्यापासून २५३ न्यूटन मीटर मिळतो, म्हणून सिग्नलवरून ती जशी सुटते तशी बाजूची साधी पेट्रोल गाडी सुटत नाही. स्पोर्ट्स कार ती नव्हे, पण स्पोर्ट्स कारची तहान भागवायला आपल्याकडच्या हायब्रिडमध्ये तिच्याइतकं जवळ दुसरं काही नाही. तोटा असा की ती जमिनीपासून उंच नाही. मळ्यापर्यंत गाडी न्यायची असेल, बैलगाडीच्या चाकोरीतून काढायची असेल, तर ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडर बघा. जमिनीपासून त्यांची उंची २१० मिलिमीटर आहे.

डिकीचाही अंदाज आधीच घ्या. सिटीच्या साध्या पेट्रोल गाडीची डिकी ५०६ लिटरची, हायब्रिडची ३०६, कारण उरलेली जागा बॅटरीने खाल्ली. लग्नाला पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन नंदुरबारहून नाशिकला जाणाऱ्यांनी बॅगा घेऊनच गाडी बघायला जावं. हे मी गमतीने सांगत नाही.

हायब्रिड म्हणून माइल्ड गळ्यात पडू नये

जाहिरातीत ‘हायब्रिड’ लिहिलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या माइल्ड हायब्रिड असतात. २०१५ पासूनची सियाझ, नंतरची अर्टिगा, एक्सएल-६, ब्रेझा यांच्या काही गाड्यांत पट्ट्यावर चालणारी छोटी मोटर असते. ती इंजिनाला थोडा हातभार लावते, सिग्नलला बंद झालेलं इंजिन अलगद चालू करते, बस्स. चाकं ती एकटी फिरवू शकत नाही. गाड्या चांगल्या आहेत, पण त्यांना हायब्रिडचा भाव द्यायचा नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरमध्ये होतो, कारण एकाच नावाखाली माइल्ड आणि स्ट्राँग (जिची मोटर एकटी चाकं फिरवू शकते ती) अशा दोन्ही गाड्या विकल्या गेल्या. आरसीवर इंधनाच्या रकान्यात हायब्रिड लिहिलेलं असलं तरी भुलू नका, माइल्डच्या आरसीवरही तो शब्द येतो. आरसीवरची इंजिनाची क्षमता बघा. १४९० सीसी म्हणजे तीन सिलिंडरचं स्ट्राँग हायब्रिड, १४६२ सीसी म्हणजे माइल्ड. त्याहून सोपी खूण म्हणजे मॅन्युअल गिअरचा दांडा दिसला की ती स्ट्राँग नाही. आणि गाडीत बसल्यावर ‘ईव्ही’ असं लिहिलेलं बटण असायला हवं.

तुम्हाला हायब्रिड लागते का

हायब्रिडचा फायदा थांबत-थांबत चालण्यात आहे. ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद बॅटरीत जाते आणि पुढच्या सुटण्याला ती वापरली जाते. मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये हे गणित झकास बसतं. खान्देशात आपली धाव कशी? जळगाव ते धुळे चौपदरी, पाय एकदा ॲक्सिलरेटरवर ठेवला की पारोळा बायपासपर्यंत उचलायचं काम नाही. शंभरच्या वेगाने सरळ रस्त्यावर हायब्रिडचं ॲव्हरेज साध्या गाडीच्या जवळ यायला लागतं. कागदावर ग्रँड व्हिटाराला लिटरला २७.९७ आणि सिटीला २६.५ किलोमीटर लिहिलंय, पण ते चाचणीतले आकडे.

हिशेब मांडून बघा. साधी ऑटोमॅटिक १५ चं ॲव्हरेज देते, हायब्रिड २१ चं, आणि पेट्रोल १०५ रुपये, असं धरू. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्याचं पेट्रोल साधारण २२९ लिटरने वाचतं, म्हणजे २४,००० रुपये. त्याच वयाच्या साध्या गाडीपेक्षा हायब्रिड अडीच लाखांनी महाग मिळत असेल तर वरचे पैसे वसूल व्हायला दहा वर्षं लागतात. २५,००० किलोमीटर फिरणाऱ्या औषध कंपनीच्या प्रतिनिधीला किंवा ठेकेदाराला तेच पैसे पाच वर्षांत सुटतात. एवढं न फिरणाऱ्याने ॲव्हरेजसाठी हायब्रिड घेऊ नये. शांतपणा, पिकअप, सिग्नलला न घरघरणारी गाडी यांसाठी घ्यायची असेल तर जरूर घ्यावी, पण मग पैसे वाचतात असं घरी सांगू नये.

ऊन

आता मुद्द्याला येतो. जुनी गाडी बघायला गेल्यावर आपण पहिलं विचारतो, ‘किती चालली?’ हायब्रिडच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘उभी कुठे असायची?’ हा हवा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो, कधी वरही जातो. अशा दुपारी काचा बंद करून उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत आतलं तापमान ६० च्या पुढे जातं. हायब्रिडची मोठी बॅटरी या गाड्यांत मागच्या बाजूला, डिकीच्या किंवा सीटच्या जवळ असते, आणि ती थंड ठेवायला एक पंखा गाडीच्या आतलीच हवा ओढतो. आत भट्टी पेटलेली असेल तर पंखा भट्टीचीच हवा बॅटरीवर सोडणार. लिथियम असो की निकेल, बॅटरीतली रसायनं उष्णतेत लवकर म्हातारी होतात. ठोकताळा असा सांगतात की तापमान दहा अंशांनी वाढलं की झीज साधारण दुपटीने होते.

म्हणून ६०,००० किलोमीटर चाललेली, पण घराखालच्या पार्किंगमध्ये उभी राहिलेली डॉक्टरची गाडी मला २५,००० चाललेल्या गाडीपेक्षा जास्त आवडेल, जर ती दुसरी गाडी तीन उन्हाळे एमआयडीसीच्या आवारात पत्र्याशिवाय भाजली असेल. कमी चाललेली हायब्रिड हा दाखला मानू नका. महिनोन्‌महिने न हललेली बॅटरीही खराब होते.

ऊन खाल्लेली गाडी ओळखता येते. डॅशबोर्डच्या वरच्या भागाला हात लावा, प्लास्टिक चिकट किंवा पांढुरकं झालंय का बघा. हेडलाइटच्या काचा पिवळ्या, दाराच्या रबरांना भेगा, छताचा रंग बॉनेटपेक्षा फिका, मागच्या सीटच्या कापडाचा वरचा काठ उडालेला. यातलं एखादं असलं तर हरकत नाही. तीन-चार एकदम दिसले तर ‘गाडी कायम सावलीत असते’ ही गोष्ट ऐकून सोडून द्या.

आणि पंख्याची जाळी बघा. मागच्या सीटजवळ किंवा डिकीच्या कडेला हवा ओढणारी एक जाळी असते. कोणत्या गाडीत ती कुठे आहे ते मालकाच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेलं असतं. पुष्कळ मालकांना ती काय आहे हेच माहीत नसतं, तिच्यावर बॅग, उशी, पोराचं दप्तर ठेवलेलं असतं. आपल्याकडे धूळ काळ्या मातीची, पिठासारखी बारीक. दिवाळीनंतर जिनिंगच्या हंगामात तिच्यासोबत कापसाचे तंतूही उडतात. ती जाळी आणि तिच्यामागचा फिल्टर त्याने भरतो, हवा कोंडते, पंखा जोरात फिरायला लागतो आणि तरी बॅटरी तापते. जाळीवर राखाडी गोधडी जमलेली दिसली तर समजा की या गाडीची देखभाल वरवरची झाली. पाचशे रुपयांचं काम न केल्यामुळे लाखाचं काम ओढवतं ते असं.

उंदरांचं नाव घेतल्याशिवाय खान्देशातल्या गाडीबद्दल बोलणं पूर्ण होत नाही. धान्याच्या गोदामाशेजारी किंवा मळ्यातल्या शेडमध्ये उभी राहणारी गाडी असेल तर बॉनेट आणि डिकीच्या तळाशी लेंड्या, कुरतडलेलं फोम शोधा. हायब्रिडमध्ये केशरी वेष्टणाच्या जाड वायरी दिसतील. त्या उच्च दाबाच्या. नजरेने बघा, हात लावू नका, आणि सोबत आणलेल्या मिस्त्रीलाही लावू देऊ नका.

चालवून बघताना

सकाळी जा, आणि इंजिन थंड असताना जा. तुम्ही पोचायच्या आत गाडी गरम करून ठेवलेली असेल तर बॉनेटवर हात ठेवून कळतं. मालकाला तोंडावर काही म्हणू नका, दुसऱ्या दिवशी परत या.

बटण दाबल्यावर इंजिनाचा आवाज आला नाही म्हणून गोंधळू नका, ‘रेडी’ असा दिवा लागला की गाडी तयार. मग स्क्रीनवर ऊर्जा कुठून कुठे जाते ते दाखवणारं चित्र लावून ठेवा आणि शेजारच्या माणसाला फक्त बॅटरीच्या खुणांवर लक्ष ठेवायला सांगा. निरोगी बॅटरी हळूहळू चढते, हळूहळू उतरते. गाडी तिला पूर्ण भरत नाही आणि पूर्ण रिकामीही करत नाही, मधल्या पट्ट्यातच खेळवते. थकलेली बॅटरी मात्र दोन किलोमीटरमध्ये वरून तळाला जाते आणि लगेच पुन्हा वर उडी मारते. इंजिन सारखं चालू-बंद होतं, मागचा पंखा ऐकू येईल इतका घोंगावतो. हे तिन्ही एकत्र दिसले तर त्या गाडीचा नाद सोडा.

गावातल्या गर्दीत एकदा, हायवेवर एकदा, आणि जमलं तर घाटात एकदा चालवा. धुळेकरांना लळिंगचा चढ जवळ आहे, पण तो आटोपशीर. जळगावकरांनी फर्दापूरच्या पुढे अजिंठ्याचा घाट चढावा, चाळीसगावकरांना कन्नडचा घाट दारातच. लांब चढावर बॅटरी उतरते आणि इंजिन एका सुरात ओरडायला लागतं. वेग तेवढाच, आवाज मात्र दुप्पट. मॅन्युअल गाडीची सवय असलेल्याला क्लच घसरतोय असं वाटतं. या गाड्यांची रचनाच तशी आहे, तो दोष नव्हे. उतारावर बॅटरी भरली की इंजिन पेट्रोल न जाळता फिरायला लागतं आणि पुन्हा आवाज करतं, तेही ठीक. ठीक नाही ते असं: गाडी सुटताना धक्का बसणं, ब्रेकचं पेडल एकदा घट्ट एकदा मऊ लागणं, चढावर लाल किंवा केशरी इशारा लागणं.

ब्रेकबद्दल एक चमत्कारिक गोष्ट. हायब्रिडचे ब्रेक-पॅड खूप टिकतात, कारण अर्धं काम मोटर करते. त्यामुळे डिस्क वापराविना गंजतात. चाकाच्या फटीतून डिस्क बघा, कडेला गंज चालतो, पण जिथे पॅड घासतो तिथे खड्डे नकोत.

एसी, आणि फुटपाथवरचा गॅसवाला

खान्देशात एसी गाडीचा अर्धा जीव. हायब्रिडच्या एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नाही, उच्च दाबाच्या विजेवर चालतो, म्हणून सिग्नलला इंजिन बंद असतानाही गार हवा येते. त्या कॉम्प्रेसरला वेगळ्या जातीचं तेल लागतं, ज्यातून वीज झिरपत नाही. साध्या गाड्यांत गॅससोबत भरतात ते तेल यात गेलं तर विजेचं आवरण बिघडतं, गाडी स्वतःच उच्च दाबाची यंत्रणा बंद करते, आणि कॉम्प्रेसर बदलायची वेळ येते.

दर मार्चमध्ये आपल्याकडे रस्त्याच्या कडेला गॅस भरून देणाऱ्यांच्या रांगा लागतात. ते कामात वाईट असतात असं नाही, पण त्यांच्या नळीत आधीच्या शंभर गाड्यांचं तेल असतं. म्हणून मालकाला सरळ विचारायचं: ‘भाऊ, गॅस कधी भरला? कुठे भरला?’ उत्तर ‘इथेच चौफुलीवर’ असं आलं तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तपासणी झाल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. तपासणीच्या दिवशी एसी भर दुपारी अर्धा तास चालवून बघा. सकाळी नऊला तर कुठलाही एसी गार करतो.

कंपनीची तपासणी

डोळ्यांनी आणि चालवून जे कळतं त्याला मर्यादा आहे. बॅटरीच्या आत कुठला सेल लंगडतोय हे कंपनीचा स्कॅनरच सांगतो. जुन्या टोयोटांमध्ये ‘पी-०-ए-८०’ असा कोड आला की तो बॅटरी बदला असाच निरोप असतो. कोड पुसून गाडी विकण्याची हुशारीही चालते. कोड पुसला की गाडीच्या इतर स्व-चाचण्याही शून्यावर येतात आणि पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. त्या अपूर्ण दिसल्या तर नुकतंच कुणीतरी हात फिरवलाय हे चांगला मेकॅनिक ओळखतो.

ज्या गाडीचा विचार आहे तिच्या जवळच्या वर्कशॉपला आधीच फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा. तुमच्याकडे हायब्रिडचं प्रशिक्षण घेतलेला माणूस आहे का? बॅटरीची तपासणी इथे होते की गाडी नाशिक, सुरत किंवा इंदूरला पाठवावी लागते? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर तुमची पुढची आठ वर्षं अवलंबून आहेत. रावेर किंवा शिरपूरला राहणाऱ्याने तर गाडीचं मॉडेल ठरवायच्या आधी हा फोन करावा.

तिथेच चेसिस नंबर देऊन सर्व्हिसची पूर्ण नोंद मागा. त्यातून मीटर फिरवलंय का ते बाहेर पडतं, आणि वॉरंटीही कळते. सिटी, ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या तिघींच्या हायब्रिड बॅटरीला नवीन घेतल्यापासून ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तोपर्यंत, वॉरंटी दिलेली आहे. ती दुसऱ्या मालकाला कोणत्या अटींवर लागू राहते, मधली एखादी सर्व्हिस चुकली असेल तर काय, बाहेर लाइट-हॉर्न बसवताना वायर कापली असेल तर काय, हे लेखी घ्या. हौशी पोरांच्या गाड्यांत हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. कर्कश हॉर्न आणि निळे लाइट दिसले की फ्यूजबॉक्स उघडून बघा.

बारा व्होल्टची छोटी बॅटरीही तपासून घ्या. हायब्रिडमध्ये ती इंजिन फिरवत नाही, फक्त संगणक जागा करते, पण ती मेली की लाखमोलाची गाडी हलत नाही आणि धक्का मारून चालूही होत नाही. ‘हायब्रिड बिघडली’ म्हणून घाबरून गाडी विकणारे लोक असतात, आणि बिघाड या काही हजारांच्या बॅटरीत असतो. असा मालक भेटला तर तुमचं नशीब.

पुराची गाडी

सुरतेत उधना-लिंबायतला अर्धा खान्देश राहतो, त्यामुळे गाडीची खबर तिकडूनच जास्त येते. साडू सांगतो, मामा सांगतो, ‘तुना करता गाडी देखी ठेयी शे’ (तुझ्यासाठी गाडी बघून ठेवलीय) असा फोन येतो. नात्यातला माणूस खोटं बोलत नसतो, पण गाडीच्या आधीच्या मालकाने त्याला काय सांगितलं याची खात्री त्यालाही नसते. तापीच्या पुराचा २००६ चा अनुभव सुरतकर विसरलेले नाहीत, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या. अशा गाड्यांचे विम्याचे दावे होतात, गाड्या लिलावात जातात, धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. साध्या गाडीत पुराचं पाणी म्हणजे डोकेदुखी. हायब्रिडमध्ये, जिथे बॅटरी तळाशी आहे, तो थेट धोका आहे.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाचा डाग राहतो. स्टेपनीची जागा उघडा. सीटच्या खालचे बोल्ट आणि वायरींचे जोड बघा, तिथला गंज पुसायला कुणी जात नाही. गाडीत उन्हाळ्यातही जबरदस्त सुगंधी फवारा मारलेला असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात ठेवा आणि मग दार उघडा. शेवटी पॉलिसी क्रमांकावरून जुन्या दाव्यांची चौकशी करा.

कागद

एमएच-१९, एमएच-१८ किंवा एमएच-३९ पासिंगची गाडी तुमच्याच जिल्ह्यात घेत असाल तर काम सोपं. फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३०, आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचे ओळखीचे आणि पत्त्याचे कागद. हायब्रिडलाही पीयूसी लागते. पुणे-नाशिकची गाडी असली तरी राज्य तेच असल्याने नंबर बदलत नाही. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ‘टीटी फॉर्मवर सह्या करून ठेवल्यात, नाव नंतर करू’ हे आपल्याकडचं आवडतं वाक्य आहे. सह्या केलेला हस्तांतरणाचा कागद कपाटात आणि गाडी तिसऱ्याच्या हातात, अशा स्थितीत अपघात झाला तर कायदा आरसीवरच्या नावाला धरतो. विकणारा शहाणा असेल तर तोच घाई करेल.

गुजरात किंवा मध्य प्रदेशची गाडी असेल तर तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी लागते. ती हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. मग इथे गाडी दाखवायची, उरलेल्या आयुष्याचा महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरायचा, नवा नंबर घ्यायचा. आपल्याकडे १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला हा टॅक्स १२ टक्के आहे, गाडीच्या वयाप्रमाणे त्यात घट मिळते. तिकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा कायद्याने मागता येतो, पण तो वेळेवर मिळेल असं धरून सौदा करू नका. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणीवेळचा टॅक्स माफ केला, म्हणून तिकडची गाडी स्वस्त दिसते. ती इथे आणली की फरक टॅक्समध्ये भरून निघतो. जीजे-०५ ची गाडी नवापूरवरून आणून तशीच फिरवणारे पुष्कळ आहेत, पण दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली की नवी नोंदणी लागतेच.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५. आपल्या भागात कर्ज बऱ्याचदा पतसंस्थेचं असतं, आणि पतसंस्थेचे हप्ते फिटले तरी आरसीवरचा बोजा उतरवायचा राहून जातो. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की बोजा, विम्याची तारीख, कितवा मालक, सगळं दिसतं. ई-चलनं वेगळी बघा, समृद्धीवर वेगाची चलनं साठलेल्या गाड्या बऱ्याच सापडतात.

सौदा ठरला की विसार द्या, पण पावतीवर अट लिहून घ्या: कंपनीच्या तपासणीत हायब्रिड बॅटरी किंवा एसीमध्ये दोष निघाला तर विसार परत. ज्याला ही अट मान्य नाही त्याच्या गाडीबद्दल तुम्हाला तपासणीच्या आधीच कळलं. ताबा घेताना पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा. विम्याच्या हस्तांतरणाचा अर्ज १४ दिवसांत करायचा असतो, आणि नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाचा असतो, तुमचा नाही. तेवढा फरक तुम्हाला भरावा लागेल, तो हिशेबात धरा. जुना फास्टॅग काढून टाकून स्वतःच्या नावाचा लावा.

घरी आणल्यावर

पहिल्याच आठवड्यात बॅटरीच्या पंख्याचा फिल्टर साफ करून घ्या, इंजिन आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा भाग) दोन्हींचं कूलंट तपासा (इन्व्हर्टरची बाटली वेगळी असेल तर पुष्कळ गॅरेजवाले ती विसरतात), ब्रेक ऑइल बदला. पुढे फिल्टरची सफाई वर्षातून दोनदा: एकदा जिनिंगचा हंगाम संपला की, एकदा मे सरताना. उन्हाळ्यात दुपारी गाडीत बसलात की आधी काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा, आणि मागच्या सीटवर कुणी नसलं तरी मागे हवा पोचेल अशा जाळ्या फिरवा. त्या बॅटरीलाही प्रवाशासारखीच गार हवा लागते. पत्रा किंवा ग्रीन नेट टाकायला जागा असेल तर गाडीच्या आधी ते टाका.

लांब सुट्टीवर जाणार असाल तर किल्ली घरच्या जाणत्या माणसाकडे ठेवा. आठवड्यातून एकदा ‘रेडी’ करून अर्धा तास गाडी चालू ठेवली की दोन्ही बॅटऱ्या भरतात. शेजारच्या ट्रॅक्टरला स्टार्टर मारायला मात्र हायब्रिडवरून वायर द्यायची नाही. नाही म्हणायला जड जातं, पण त्या छोट्या बॅटरीवर तेवढा भार गेला तर इन्व्हर्टरच्या फ्यूजपासून पुढे काहीही जळू शकतं.